हिरवळीच्या मुळांतील विष

बागेतील हिरवळ पाहणाऱ्याला जितकी शांत वाटते तितकीच ती, तिची निगा राखणाऱ्या माळ्याच्या दृष्टीने, अखंड कलहाची भूमी असते. कारण एकाच जातीच्या गवताने एकाच उंचीवर कापून घेत वर्षानुवर्षे त्याच जागी निर्वेधपणे नांदावे ही अपेक्षाच सृष्टीच्या स्वभावाशी विसंगत असून, कोठे वीतभर जमीन उघडी पडली की वाऱ्याने, पाखरांनी किंवा शेणखताबरोबर आलेले बी तिच्यावर ताबडतोब आपला अंमल बसविते. शेतकऱ्याला निदान दोन पिकांच्या मधल्या काळात नांगर-कुळव फिरवून आणि उभ्या पिकात कोळपणी-निंदणी करून तणांचा बंदोबस्त करता येतो. हिरवळीत मात्र ना कुळव चालतो ना कोळपे, आणि खुरपे घेऊन बसावे तर एकेक तण उपटताना भोवतालचे गवतही उचकटते व नव्या तणाला आयतीच जागा मिळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस २,४-डी हे तणनाशक बाजारात आले आणि रुंद पानांच्या वनस्पतींना मारून गवताला मात्र सोडून देण्याच्या त्याच्या गुणामुळे पाश्चात्त्य देशांतील हिरवळींची चिंता काही काळ मिटल्यासारखी झाली. या हिरवळींचा विस्तार केवढा आहे याची कल्पना आपल्याकडील वाचकाला सहसा नसते. क्रिस्टिना मिलेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रहांच्या साह्याने केलेल्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिरवळीखालचे क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे त्या देशातील कोणत्याही एका बागायती पिकाच्या क्षेत्राच्या जवळजवळ तिप्पट भरते. एवढ्या मोठ्या मुलखावर, आणि तोही घराच्या अंगणातला व मुलांच्या खेळण्याच्या जागेतला, केवळ शोभेखातर विषारी द्रव्ये शिंपडावीत की नाही, हा प्रश्न केव्हातरी उपस्थित होणारच होता. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील हडसन या लहानशा गावाने १९९१ मध्ये अशा वापरावर निर्बंध घालणारा नियम केला, त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पुढे ऑन्टॅरिओ प्रांताने २००९ मध्ये शोभेच्या कामासाठी होणारी कीटकनाशकांची व तणनाशकांची फवारणी सरसकट बंद केली, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये शाळांच्या क्रीडांगणांपुरता तसाच कायदा केला. बंदी झाली, परंतु तणे कायद्याला बांधलेली नसतात. तेव्हा ज्यांच्याकडे मैदाने राखण्याचे काम होते त्यांनी संशोधकांना साहजिकच असे विचारले, की हिरवळीच्या शेकडो वाणांपैकी एखादे गवत स्वतःच शेजारी तण उगवू देत नाही, असे कोठे आढळते काय?

हा प्रश्न वरवर दिसतो तितका भाबडा नाही. एक वनस्पती दुसरीला मातीतून वा हवेतून काही द्रव्य सोडून अपाय करते हे निरीक्षण फार जुने असून, हरभरा जमिनीचा कस काढतो व तणांनाही मारतो असे थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने, आणि अक्रोडाची सावली इतर झाडांना बाधक असते असे रोमच्या प्लिनीने नमूद करून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमिनीच्या थकव्याचे कारण मुळांच्या स्रावात शोधले. या सर्व प्रकाराला ॲलेलोपॅथी हे नाव १९३७ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांनी दिले. हे मोलिश काही वर्षे आधी कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंच्या संस्थेत राहून गेले होते, आणि गंमत अशी की ज्या ग्रंथात त्यांनी हे नाव रूढ केले त्यातील त्यांचे स्वतःचे प्रयोग मुळांच्या स्रावांसंबंधी नसून मुख्यतः पिकत्या सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूसंबंधी होते.

वाणांची हेतुपुरस्सर छाननी करून हा गुण शोधावा ही कल्पना मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने पुढे आली. ॲलन पटनम व विल्यम ड्यूक या दोघा अमेरिकी संशोधकांचा तर्क असा होता, की रानटी अवस्थेत शेजाऱ्यांशी झगडणाऱ्या वनस्पतींपाशी असली रसायने असलीच पाहिजेत, माणसाने त्यांना शेतात आणून त्यांची राखण स्वतःकडे घेतल्यावर आणि केवळ उत्पन्नाकडे पाहून निवड केल्यावर तो गुण अनवधानाने गळाला असावा, आणि म्हणून तो परत मिळवायचा तर जगभरच्या जुन्या वाणांचे दप्तर पुन्हा उलगडले पाहिजे. त्यांनी काकडीचे ५२६ आणि तिच्या जवळच्या रानटी जातींचे १२ नमुने तपासले. हे नमुने ४१ देशांतून आलेले होते. १९७४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी एका नमुन्याने कसोटीच्या रोपांची वाढ ८७ टक्क्यांनी रोखली, आणि २५ नमुन्यांनी ती निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी केली. पुढे अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात रॉबर्ट डिल्डे यांनी भाताचे हजारो वाण चिखलात लावून, त्यांच्याभोवती पाणतणे उगवत नाहीत असे वर्तुळ कोठे दिसते ते पाहिले, तेव्हा हा गुण शेकडा तीन-चार वाणांपलीकडे आढळला नाही. दोन्ही उदाहरणांवरून एवढे स्पष्ट होते, की ही संपत्ती दुर्मिळ असली तरी काल्पनिक नव्हे, आणि ती हाती यावी अशी इच्छा असेल तर संख्येने पुष्कळ वाण चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

हिरवळीची गवते अशा छाननीस पिकांपेक्षाही अधिक योग्य ठरतात असे मला वाटते. पीक चार महिन्यांत निघून जाते. गवत मात्र दहा-दहा वर्षे त्याच मातीत मुळे रोवून बसते, त्याचा स्राव अखंड पाझरत राहतो, आणि त्याच्याकडून धान्याची अपेक्षा नसल्यामुळे विषनिर्मितीत खर्च होणाऱ्या शक्तीचा हिशेब कोणी विचारीत नाही.

परंतु येथेच सगळ्यात मोठा फसवा खड्डा आहे, आणि तो किती खोल आहे हे समजण्यासाठी कॅलिफोर्नियातील एका प्रकरणाची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. त्या राज्याच्या किनारी डोंगरउतारांवर सॅल्व्हियाची सुगंधी झुडुपे आणि त्यांना लागून गवताळ कुरणे असा देखावा असतो, आणि झुडपांच्या कडेने एक-दोन मीटर रुंदीचा पट्टा अगदी बोडका, तर त्यापलीकडे काही मीटरपर्यंत खुरटलेले गवत दिसते. कॉर्नेलियस मुल्लर यांनी १९६४ मध्ये असे प्रतिपादन केले की या झुडपांच्या पानांतून सिनिओल व कापूर यांसारखी उडून जाणारी द्रव्ये बाहेर पडतात, ती मातीत मुरतात आणि गवताचे बी रुजू देत नाहीत. प्रयोगशाळेत ही द्रव्ये खरोखरच रोपांना मारक ठरली. कारण व कार्य यांची सांगड बसली. विद्वत्सभांत या सिद्धांताचे कौतुक झाले. सहा वर्षांनी ब्रूस बार्थोलोम्यू यांनी एक अत्यंत साधी गोष्ट केली. त्यांनी त्या बोडक्या पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्याच्या आत गवत उगवले. झुडुपांच्या आडोशाने राहणारे उंदीर, ससे व पाखरे दिवसाढवळ्या उघड्यावर फार दूर न जाता आसऱ्याच्या आसपासचेच बी आणि कोंब खाऊन टाकीत होती, आणि त्या पट्ट्याच्या रुंदीचे रहस्य बऱ्याच अंशी तेवढेच होते. यावरून मुल्लर यांची रसायने खोटी होती असे होत नाही. मात्र प्रयोगशाळेतील विष आणि रानातील उजाड जमीन यांचा संबंध लावताना मध्ये कितीतरी पायऱ्या राहून गेल्या होत्या, हे मान्य करावेच लागते.

हिरवळीच्या बाबतीत उंदरांची जागा सावलीने घेतलेली असते. ज्या वाफ्यात तणे कमी दिसतात तेथील गवत बहुधा दाट असते, दाट गवत जमिनीपर्यंत उजेड पोहोचू देत नाही, पाणी व नत्र आधी आपण ओढून घेते, आणि तणाचे रोप उगवण्यापूर्वीच गुदमरून जाते. यात कोठेही विषाची आवश्यकता नाही. त्यातून फेस्क्यू व राय या गवतांच्या पुष्कळ वाणांत एक सूक्ष्म बुरशी पानांच्या आत आश्रयास राहते व कीटकांना अपायकारक अशी अल्कलॉइडे निर्माण करते. कीड कमी, म्हणून गवत अधिक दाट, म्हणून तण कमी, अशीही एक आडवाट असते. बी फार दिवस साठविले तर ही बुरशी मरते, आणि मग एकाच नावाच्या पिशवीतील यंदाचे व गेल्या सालचे बी भिन्न वागू लागते. तेव्हा छाननी करणाऱ्याने आपल्या बियांत ही बुरशी आहे की नाही याची खातरजमा प्रथम केली पाहिजे. ती न करता काढलेल्या अनुमानांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या अडचणींतून वाट काढण्यासाठी संशोधकांनी ज्या युक्त्या योजिल्या त्यांत एक प्रकारची सोपी सुंदरता आहे. सर्वांत स्वस्त युक्ती जपानमधील योशिहारू फुजी यांची : वाळलेल्या पानांचे काही मिलिग्रॅम आगरच्या दोन थरांमध्ये पुरायचे, वर लेट्यूसचे बी पेरायचे, आणि तीन-चार दिवसांनी मुळे मोजायची. लेट्यूसची निवड होण्याचे कारण एवढेच, की ते झटपट व एकसारखे रुजते आणि विषाला फार हळवे असते. या रीतीने एका आठवड्यात डझनावारी वनस्पती चाळून होतात. पण पानांचा अर्क ही काही मुळांच्या स्रावाची जागा घेणारी वस्तू नव्हे, कारण कोणतेही पान पुरेशा प्रमाणात वाटून घातले तर त्याने कोणाचे तरी बी कुजतेच. यापेक्षा अधिक प्रामाणिक रीत म्हणजे जिवंत रोपांना एकाच भांड्यातील आगरमध्ये शेजारी वाढू देणे. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या ४५३ वाणांची राय गवताविरुद्ध छाननी याच पद्धतीने झाली. अशा भांड्यात प्रथम गहू रुजवितात, मग निम्म्या भागात तणाचे बी टाकतात, आणि पाणी व उजेड यांची कमतरता पडू देत नाहीत. मग जो फरक दिसेल तो बराचसा रसायनांचाच असतो. मातीत प्रयोग करावयाचा तर तीत सक्रिय कोळसा मिसळतात, कारण तो सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. कोळसा घातल्यावर तण सुधारले तर विषाचा संशय बळावतो. मात्र कोळसा अन्नद्रव्यांनाही हात लावतो, म्हणून त्याच्या साक्षीवर एकट्यावर निकाल देता येत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठात, लेस्ली वेस्टन व सेसिल बर्टिन यांनी केलेले काम हे या सर्व पद्धतींच्या संगमाचे उत्तम उदाहरण आहे. त्यांनी प्रयोगशाळेतून आरंभ न करता शेतातून आरंभ केला. बारीक पानांच्या फेस्क्यू गवतांचे डझनावारी वाण उघड्या वाफ्यांत लावून त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, आणि त्यांतून जे थोडे वाण तणांना दाद देत नाहीत असे दिसले त्यांत ‘इन्ट्रीग’ या नावाचा एक वाण विशेष उठून दिसला. हा चुइंग्ज फेस्क्यू या प्रकारातला. न्यूझीलंडमधील जॉर्ज चुइंग्ज याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गवताचे बी विकावयास सुरुवात केली, म्हणून त्याचे नाव त्याला चिकटले. सावलीत तग धरणारे, खत थोडे मागणारे, वारंवार कापले नाही तरी चालणारे असे हे थंड प्रदेशातले गवत रस्त्यांच्या कडेच्या उतारांवर लावण्यास सोयीचे, आणि तेथे तणनाशकावाचून भागले तर सार्वजनिक बांधकाम खात्याचाही खर्च वाचणार, हा हिशेब संशोधकांच्या मनात होताच.

वाफ्यातील यशाचे कारण सावली की विष, याचा निवाडा करण्यासाठी त्यांनी रोपे पाण्यावर वाढवून मुळांचा स्राव गोळा केला. तो आश्चर्य वाटावे इतका मुबलक निघाला. मग त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग बियांवर टाकून पाहायचा, जो भाग मारक ठरेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असा क्रम शेवटच्या एका द्रव्यापर्यंत चालवून, फ्रँक श्रोडर, जेरल्ड माइनवाल्ड, गेऑर्ग यांडर आदी रसायनज्ञांच्या सहकार्याने, २००७ मध्ये त्यांनी त्याचे नाव जाहीर केले : मेटा-टायरोसीन. टायरोसीन हे तर आपल्या प्रत्येकाच्या शरीरातील प्रथिनांत असणारे अमिनो आम्ल. या विषात आणि त्यात फरक एवढाच, की बेंझीनच्या कड्यावरील हायड्रॉक्सिल गट आपल्या नेहमीच्या घरातून एक घर बाजूला सरकलेला असतो. एवढ्याशा सरकण्याने अन्नाचे विष व्हावे, ही रसायनशास्त्राची लीला खरी. आणि प्रयोगात असेही आढळले की टायरोसीनच्या उरलेल्या दोन्ही भावंडांपेक्षा हे मेटा रूप वनस्पतींना कितीतरी अधिक मारक आहे.

त्याची मारण्याची रीतही शोधण्याचा प्रयत्न झाला. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील चिमुकल्या वनस्पतीच्या मुळांतील प्रथिने आम्लाने फोडून पाहिली तेव्हा मेटा-टायरोसीन त्या प्रथिनांत गुंफले गेलेले आढळले, म्हणजे पेशीने ते आपलेच समजून बांधकामात वापरले होते. आणि बाहेरून फेनिलॲलनीन हे अमिनो आम्ल भरपूर पुरविले तर मुळांची वाढ पूर्ववत होऊ लागे. यावरून असा तर्क निघाला की हे तोतया द्रव्य फेनिलॲलनीनच्या जागी शिरून प्रथिने निकामी करीत असावे. पुढे याच प्रयोगशाळांत असेही दिसून आले, की फेस्क्यू गवत हे द्रव्य फेनिलॲलनीनपासूनच, त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडून, तयार करते. याच्या तुलनेत आपल्या ज्वारीची तऱ्हा निराळी आहे : तिच्या मुळांच्या केसांवर सॉर्गोलिओन या तेलकट द्रव्याचे पिवळसर थेंब जमतात, आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वर्णिलेले हे द्रव्य शेजारच्या कोवळ्या रोपांच्या प्रकाशसंश्लेषणावर आघात करते. तेल मातीला चिकटून राहते. मेटा-टायरोसीन पाण्यात विरघळून निघून जाऊ शकते. हा भेद पुढील प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

ते प्रकरण घडले दिल्लीत. दिल्ली विद्यापीठातील इंदरजीत व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जर्मनीतील इयान बाल्डविन यांच्यासह, २००९ मध्ये मेटा-टायरोसीन खऱ्या मातीत घालून पाहिले, आणि त्यांना असे आढळले की जिवंत मातीत त्याचे अर्धे प्रमाण एक दिवस पुरा होण्याच्या आतच नाहीसे होते. माती निर्जंतुक केली की विषाचा प्रभाव प्रकट होई. तीच माती सूक्ष्मजंतूंसह ठेवली की तो बराचसा मावळे, कारण त्या जंतूंना हे विष म्हणजे नत्र व कार्बन यांचे सुग्रास अन्न होते. आगरच्या भांड्यात तणाला लोळविणारे द्रव्य शेतात पोहोचेपर्यंत जंतूंनी खाऊन टाकावे, याहून मोठी थट्टा छाननी करणाऱ्याची कोणती व्हावी?

तरीही या दोन निष्कर्षांत जितका विरोध दिसतो तितका तो वस्तुतः नाही, असे माझे मत आहे. प्रयोगात विष एकदा घालून थांबायचे असते, आणि गवत मात्र ते दररोज, मुळाच्या प्रत्येक टोकाशी, सतत सोडीत असते; तणाचे कोवळे मूळ त्या टोकापासून केसाच्या अंतरावर असेल तर जंतूंनी ते खाण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचणे अशक्य नाही. म्हणून केवळ द्रव्य किती मारक आहे हे विचारून भागत नाही. ते गवत दर तासाला किती सोडते आणि ती विशिष्ट माती दर तासाला किती खाते, या दोन वेगांची तुलना झाली पाहिजे. ज्या छाननीत ही तुलना नाही ती, कितीही वाण चाळले तरी, अर्धीच राहते. आणि मातीची भूक जागोजागी भिन्न असल्यामुळे, इथाकाच्या मातीत तणे रोखणारा वाण दुसऱ्या मुलखातही ती रोखील अशी हमी कोणी देऊ नये.

आपल्याकडे ‘इन्ट्रीग’ आणून उपयोग नाही, हे वेगळे सांगावयास नको. थंड हवेचे फेस्क्यू दख्खनच्या उन्हाळ्यात टिकणार नाही. आमच्या मैदानांवर व बागांत जे गवत नांदते ते बहुतांशी हरळी आणि तिचे संकरित वाण. हीच हरळी उसाच्या मळ्यात शेतकऱ्याला रडविते, आणि हीच दूर्वा म्हणून गणपतीला वाहिली जाते. तिच्या अर्काने इतर बियांची उगवण कमी होते असे प्रयोगशाळांतून पुष्कळ वेळा दिसले आहे. पण लव्हाळ्याच्या गाठींच्या अर्कानेही तसेच होते, आणि हरळीच्या हिरवळीत लव्हाळा निःशंकपणे डोके वर काढतो, त्या अर्थी केवळ अर्कावरून हिरवळीचा निकाल लावणे किती धोक्याचे आहे हे उघड आहे. पुण्यास १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेल्या गाजरगवताविरुद्ध तरोट्याच्या जातभाईंचा उपयोग होतो, असा अनुभव कर्नाटकात व महाराष्ट्रात काही ठिकाणी आला आहे. तेथेही पाल्यातून झिरपणारी द्रव्ये कितपत कारणीभूत आणि दाट वाढीची सावली कितपत, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील झुडुपांइतकाच कठीण आहे.

हरळीच्या वाणांची अशी छाननी कोणी हाती घेतलीच तर एक व्यावहारिक अडचण आरंभीच येईल. मैदानांवर लावले जाणारे उत्तम संकरित वाण, जसे जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी १९६० च्या आसपास प्रचारात आणलेले, हे वंध्य असून त्यांना रुजणारे बी धरत नाही. त्यांची लागवड तुकड्यांनीच करावी लागते. तेव्हा बियांवर आधारलेली आगरची रीत येथे चालणार नाही. एकाच वजनाचे, एकाच वयाचे, मुळे फुटलेले तुकडे घेऊन, काळ्या मातीत व मुरमाड मातीत, दोन्ही मातींतील जंतू जिवंत ठेवून आणि मारून, अशा चार तऱ्हांनी प्रत्येक वाण तपासावा लागेल. आणि कसोटीला लेट्यूस न घेता, ज्या तणांशी आमच्या माळ्यांची रोजची गाठ आहे तो लव्हाळा व ते गाजरगवतच घ्यावे लागेल. लव्हाळा गाठींतून फुटतो, त्याच्या पोटाशी पुष्कळ दिवसांचा शिधा बांधलेला असतो, आणि बियांतून येणाऱ्या कोवळ्या रोपाला मारणारे विष त्याला तितकेसे जाचत नाही. त्यामुळे या छाननीतून कदाचित गाजरगवताला रोखणारी हरळी सापडेल, पण लव्हाळ्यासाठी खुरपे हातात राहीलच.